तांबडमाळाचा काकडा

“ढवळे, तो जांभळा जरा पातळ करा. एवढा गडद दिसला की लोकांना वाटेल, उद्याच धूर सुटणार आहे.”

देऊसकर बाई माझ्या खांद्यावरून नकाशाकडे बघत होत्या. मी कुंचला पाण्यात बुडवला. टेबलावर आमचं करंजपूर शहर पसरलं होतं, कापडावर चिकटवलेलं, चार फूट लांब. घरांना पिवळा, बाजाराला निळा, बागांना हिरवा आणि कारखान्यांना जांभळा, असे आमच्या खात्यातले ठरलेले रंग. शहराच्या उगवतीला तांबडमाळ नावाचा मुरमाड सरकारी माळ होता. कुसळांपलीकडे तिथं काही उगवत नसे. त्या दुपारी तो माझ्या हातानं जांभळा होत होता.

साल सत्त्याऐंशी. नगरपालिकेच्या विकास आराखड्याच्या कामावर मी आरेखक होतो. कचेरी जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत. देऊसकर बाई आमच्या नगररचनाकार. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, जिभेला धार आणि कामाला पक्क्या. वीस वर्षांनी शहरात चार लाख माणसं असतील, असं त्यांनी मांडलं होतं. त्यांतली सव्वा लाखाच्या वर हातांना काम मागतील, बत्तीस हजार कारखान्यांत जातील, हेक्टरी शंभर धरली तरी तीनशेवीस हेक्टर जागा आत्ताच राखायला हवी. आज राखली नाही तर उद्या कारखाने घरांच्या मधे घुसतील आणि तुमची नातवंडं खोकत बसतील, असं त्या नगरसेवकांना तोंडावर सांगून आल्या होत्या.

जागा उगवतीलाच का, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आपल्या मुलखात वारा पश्चिमेचा. म्हणून धुराचं जे काही असेल ते शहराच्या पूर्वेला ठेवायचं, म्हणजे धूर शहराला पाठ दाखवून निघून जातो. हे पुस्तकात होतं, वेधशाळेच्या तक्त्यात होतं, आणि आमच्या हाताच्या सवयीत होतं.

“हा पांढरा ठिपका कसला? रंग उडालाय का?” बाईंनी बोट ठेवलं.

“देऊळ आहे, बाई. मांडव्याच्या केशवराजाचं. माळाच्या पायथ्याशी.”

“म्हणजे तुमच्या बुवांचं.” त्या चष्म्यातून माझ्याकडे बघून हसल्या. “राहू द्या. देवाला तेवढी जागा पुरते का, तेवढं विचारून घ्या.”

मला कीर्तनाचं वेड. आमचं घर साळी आळीत, शहराच्या पूर्वेच्या टोकाला. वडील मागावर बसत तेव्हा धोट्याच्या ठेक्यावर भजन म्हणत. ते कानात बसलं ते बसलंच. कुठं कीर्तन आहे म्हटलं की माझी सायकल आपोआप तिकडं वळे. पण माझं खरं ठिकाण एकच. मांडवे गावचे त्र्यंबकबुवा गुरव. दर एकादशीला संध्याकाळी ते केशवराजापुढे कीर्तनाला उभे राहत. उपरणं खांद्यावर टाकून त्यांनी पहिली झांज वाजवली की माझ्या कचेरीचा सगळा शीण उतरून जाई. देवळात लाऊडस्पीकर नव्हता. कुणी तो आणायचं काढलं की बुवा म्हणत, माझा देव बहिरा नाही.

आणि कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे तिथं काकडा होई. बुवा, मृदंगावर भानुदास अण्णा गवारे, झांजा वाजवणारी आठदहा मंडळी. हा काकडा मला माझ्या घरी ऐकू यायचा. देऊळ माझ्या घरापासून सरळ रेषेत सव्वातीन किलोमीटर होतं. नकाशावर मीच मोजलं होतं. तरी पहाटे पाचला मी गच्चीवर गेलो की बुवांचा आवाज यायचा, झांजा यायच्या, मृदंगाची थापसुद्धा यायची. यमुना, माझी पत्नी, म्हणायची, देवाची कृपा आहे हो आपल्यावर. मीही तेच मानत आलो होतो. चौदा वर्षं.

आराखडा सभेत मंजूर झाला आणि त्या सोमवारी लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्धही झाला. त्याच आठवड्यात आश्विनातली वद्य एकादशी होती. मी पेढे घेऊन मांडव्याला गेलो. कारखाने येणार म्हणून गाव आधीच आनंदात होतं. मांडव्याची पोरं कामासाठी पांगली होती, अर्ध्या घरांना कुलपं होती. बुवांचा एकुलता एक अनंता परराज्यात एका कारखान्यात लेथवर होता आणि वर्षातून एकदा घरी यायचा. कीर्तन संपल्यावर मी बुवांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की देवळाला धक्का लागणार नाही, मी स्वतः ते रंगातून वगळलं आहे.

बुवांनी पेढा आधी देवापुढे ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे अनंता घरी येईल.”

“येईल की, बुवा. पहिल्या भरतीतच लागेल. सायकलवर कामाला जाईल.”

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. भानुदास अण्णा गावचे सरपंचही होते. त्यांनी पाठीवर थाप मारून मला मांडव्याचा जावई करून टाकलं. मग सगळे ओट्यावर बसलो. भानुदास अण्णांनी विचारलं, धुराचा त्रास किती होईल. मी खात्यातल्या माणसाच्या रुबाबात समजावलं, की आपल्याकडे वारा पश्चिमेचा, शहराकडून माळाकडे येणारा. धूर माळ ओलांडून पलीकडे ओसाडीत जाईल. शहराला नाही, मांडव्यालाही फारसा नाही.

बुवा ऐकत होते. झांजांची दोरी गुंडाळता गुंडाळता त्यांचे हात थांबले.

“दिगंबरराव,” ते म्हणाले, “काकडा अजून ऐकू येतो तुम्हाला घरी?”

“रोज. कालच यमुना म्हणाली, बुवांचा गळा आज मोकळा आहे.”

“वारा जर तुमच्याकडून इकडे येतो,” बुवा सावकाश म्हणाले, “तर माझा आवाज तिकडे कोण घेऊन येतं?”

भानुदास अण्णा हसले. मी हसलो नाही. हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझी चेष्टा केली. आता नगररचना कीर्तनावर चालणार का, म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी कपाटातून वेधशाळेचा तक्ता काढला आणि बराच वेळ त्यावर वाकून राहिल्या. तक्त्यात वारा दिवसातून दोनदा मोजलेला होता, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. पहाटेचा रकानाच नव्हता.

“उद्या किती वाजता ऐकू येतं?” त्यांनी विचारलं.

पहाटे पाचला बाई आमच्या दारात उभ्या होत्या. डोक्याला मफलर, हातात होकायंत्र आणि वही. यमुनेनं चहा ठेवला, पण त्या थेट गच्चीवर गेल्या. खाली साळी आळी गाढ झोपली होती. पलीकडे नगरपालिकेचा दवाखाना, त्याच्या मागे मुलींची शाळा, मग विणकरांच्या वसाहती. थंडी होती आणि वारा असा काही जाणवत नव्हता. बाई म्हणाल्या, सगळं शांत तर आहे.

मग काकडा सुरू झाला. आधी एकटी झांज, मग मृदंग, मग बुवांचा आवाज. बाई देव मानत नसत. त्या कठड्याला हात लावून ऐकत राहिल्या. यमुनेला काय वाटलं कोण जाणे, तिनं देवापुढची पेटती उदबत्ती आणली आणि कठड्याच्या फटीत खोचली. धूर सरळ वर गेला नाही. बोटभर वर चढला आणि आडवा झाला. मावळतीकडे, शहराच्या पोटात, एका रेषेत निघून गेला.

बाईंनी होकायंत्र बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि वही मिटली.

त्या अकरा दिवस आल्या. रोज पाचला. अकराही दिवस उदबत्तीचा धूर उगवतीकडून मावळतीकडेच गेला. ऊन चढल्यावर आठच्या सुमाराला तो डगमगायचा आणि मग उलटा वळायचा. गार हवा जड होऊन माळावरून उताराला लागते आणि शहराच्या खोलगटात येऊन बसते, असं त्यांनी मला समजावलं. थंडीच्या चार महिन्यांत माळावरच्या धुराड्यांतून जे निघेल ते रोज पहाटे दवाखान्याच्या, शाळेच्या आणि आमच्या आळीच्या खिडक्यांतून आत शिरलं असतं. शेवटच्या दिवशी चहा पिताना त्या म्हणाल्या, माझी तीस वर्षांची नोकरी झाली, पण पहाट मी कधी नकाशात धरली नाही.

“आता बदलून टाका, बाई,” मी म्हणालो. “रंगच तर आहे. धुवून काढतो.”

“आराखडा प्रसिद्ध झालाय, ढवळे. आता मी एक रेघ हलवली तरी लोक म्हणतील, कुणाच्या तरी सांगण्यावरून हलवली. हरकत यायला हवी. लेखी, मुदतीत. आणि आपण नोकर माणसं, आपल्याला हरकत घेता येत नाही.”

“मग कुणी घ्यायची?”

बाईंनी कप खाली ठेवला. “ज्याचा आवाज आहे त्यानं.”

मांडव्यापर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी इतका लांब कधी वाटला नव्हता. हरकतीचा कोरा अर्ज खिशात होता. वाटेत माळावर पोरांनी दगड मांडून कारखान्याचं फाटक केलेलं दिसलं. भानुदास अण्णांनी पारावर बसून नावांची यादी करायला घेतली होती, कुणाचा मुलगा कुठल्या कामाला लागेल त्याची. यादीत पहिलं नाव अनंताचं होतं. बुवांचा मान म्हणून.

बुवा गाभारा धूत होते. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. उदबत्ती, होकायंत्र, अकरा दिवस, दवाखाना, शाळा. अर्ज मात्र खिशातून निघेना.

ते फरशीवर फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले, “मी त्याच रात्री ओळखलं होतं. तुम्ही गेलात आणि मी देवाला म्हटलं, बाबा, मी प्रश्न विचारला, आता उत्तर माझ्याकडं मागू नकोस.” त्यांनी फडकं पिळलं. “अनंताला पत्र टाकलंय मी. ये म्हणून.”

मी म्हणालो की दुसरं कुणी शोधतो. साळी आळीतून शंभर सह्या आणतो.

“ते सांगतील, आम्हाला काकडा ऐकू येतो. त्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणतील, भाविक माणसं आहेत, कानाला भास होतो.” ते उठून उभे राहिले, ओले हात उपरण्याला पुसले. “मी पाच वाजता इथं उभा राहून गातो, हे मीच सांगू शकतो. आणा तो कागद. तुमच्या खिशातून टोक दिसतंय त्याचं.”

मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. चार ओळींचा. मी, त्र्यंबक गुरव, राहणार मांडवे, एकतीस वर्षं केशवराजापुढे पहाटे काकडा म्हणतो. तो शहरात साळी आळीत ऐकू येतो. जिथं माझा आवाज जातो तिथं धूरही जाईल. सबब तांबडमाळावर धुराचे कारखाने नकोत. खाली त्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात न देता आधी देवाच्या पायाशी ठेवला. मला वाटलं, ते आता परत उचलणार नाहीत. उचलला.

सुनावणी पौषात झाली, नगरपालिकेच्या सभागृहात. मांडव्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, कारखाने हवेत म्हणून सांगायला. बुवांनी हरकत घेतल्याचं त्यांना तिथंच, नाव पुकारल्यावर कळलं. सभागृहात कुजबुज झाली. बुवा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं बांधून उभे राहिले. कीर्तनाला उभे राहत तसेच.

समितीचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी अर्ज वाचला आणि पुरावा काय, असं विचारलं.

“माझा गळा,” बुवा म्हणाले.

मागं कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी विचारलं की यात तुमचं काय नुकसान आहे. बुवा म्हणाले, कारखाने आल्यावर माझं काहीच नुकसान नाही. न आल्यावर आहे. अध्यक्षांना ते कळलं नसावं. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई उठल्या. त्यांनी अकरा दिवसांची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की जागा सुचवण्यात चूक माझी आहे, ती तशी नोंदवून घ्यावी.

भानुदास अण्णा मागच्या रांगेतून पुढे आले. ज्या माणसाच्या काकड्याला त्यांनी वीस वर्षं मृदंग वाजवला होता, त्याच्यासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

“बुवा, शहराची पोरं ती पोरं. आमची काय दगडं? त्यांच्या नाकात धूर जाऊ नये म्हणून तुम्ही आमच्या ताटात माती कालवलीत. तुमच्या स्वतःच्या पोराच्यासुद्धा.”

बुवांनी हात जोडले. मग खाली बसले. पुढे मी त्यांना म्हटलं, काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, अण्णा खरंच बोलत होते, त्यावर काय बोलणार.

फाल्गुनात निर्णय झाला. जांभळा रंग तांबडमाळावरून उठला आणि शहराच्या उत्तरेला, ओढ्यापलीकडच्या पठारावर गेला. तिथला पहाटेचा वारा बाईंनी आधी स्वतः जाऊन बघितला. माळावर हिरवा रंग मीच भरला. पांढरा ठिपका तसाच राहिला. मांडव्याहून ते पठार अठरा किलोमीटर. तिकडे ना बस ना धड रस्ता. भानुदास अण्णांची यादी फाटली. अनंता आला नाही. त्यानं परराज्यातच बिऱ्हाड केलं.

गावानं बुवांना वाळीत टाकलं असं नाही. कुणी वाकडं बोललं नाही. फक्त यायचे थांबले. चैत्रातल्या एकादशीला मी गेलो तर देवळात श्रोते तीन. मी, एक म्हातारी आणि तिची नात. मला वाटलं, आज बुवा हरिश्चंद्राचं आख्यान लावतील, आपलं दुःख त्यात ओततील. त्यांनी सुदाम्याचे पोहे लावले. नात खुदुखुदु हसेपर्यंत रंगवून सांगितले.

मग कोजागिरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी गच्चीवर गेलो. यमुनाही आली. बराच वेळ काही नाही. मग बुवांचा आवाज आला. एकट्याचा. मृदंग नाही, झांज नाही. दोन हातांनी आरती धरली तर झांज कशी वाजणार. आवाज मधेच तुटायचा, तेव्हा आम्हाला कळायचं की ते काकडा पेटवताहेत किंवा दम खाताहेत. यमुना पदरानं तोंड दाबून उभी होती.

“कृपा म्हणत होतो आपण,” मी म्हणालो.

ती खाली गेली आणि देवघरातली माझ्या वडिलांची झांज आणून माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे चारला सायकल काढू लागलो. मला झांज वाजवता येत होती असं नाही. बुवा आरती करत, मी त्यांच्या मागे उभा राहून जमेल तशी वाजवी. त्यांनी पहिल्या दिवशी वळून बघितलं, एवढंच. ताल चुकला की डावा पाय जमिनीवर आपटून दाखवत.

हे बरीच वर्षं चाललं. बाई निवृत्त होऊन गेल्या. जाताना ती वही मला देऊन गेल्या. आता उत्तरेच्या पठारावर दोनशेच्या वर धुराडी आहेत. बाईंनी सांगितलेले बत्तीस हजार कधीच मागे पडले. मांडव्यातलीही पोरं आता कंपनीच्या बसनं तिकडे जातात, त्यातला एक भानुदास अण्णांचा नातू. साळी आळीत थंडीच्या पहाटे बायका खिडक्या उघडतात, सडा घालतात, दवाखान्याच्या अंगणात म्हातारी माणसं येऊन बसतात. हवा कुठून येते असं कुणी विचारत नाही. विचारावं असं काही तिच्यात नाही.

पण मला आठवतो तो त्या पहिल्या वर्षीचा काकड्याचा शेवटचा दिवस. कार्तिकी पौर्णिमा. बुवांना ताप होता, तरी ते उभे राहिले. आरती झाली आणि मी मागं वळून बघितलं तर दारात भानुदास अण्णा उभे होते. हातात मृदंग नव्हता. आत आले नाहीत, पायरीवर बसले आणि प्रसाद घेऊन निघून गेले. बुवांनी त्यांच्या पाठीकडे बघत मला एवढंच विचारलं की उन्हं आली का. ऊन चढलं की वारा वळतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

घरी परतलो तेव्हा सात वाजले होते. यमुना गच्चीवरून खाली येत होती, हातात विझलेली उदबत्ती. महिनाभर मी पहाटे घरी नव्हतो. गच्चीवर ती एकटीच जायची, हे मला तेव्हा कळलं. मी झांज देवघरात ठेवली आणि विचारलं, ऐकू आलं का आज काही.

“आलं की,” ती म्हणाली. “दोघांचं आलं. बुवांना आज बरं नसावं. आणि तुमची झांज शेवटच्या कडव्याला मागं पडत होती.”